टॉवरचा पाया खोदण्याआधी जमीन एकदा पायी पाहा: नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नागपूर.

प्रत माहितीसाठी: पुरातत्त्व विभागाची नागपुरातील केंद्रीय व राज्य कार्यालये, जिल्ह्यातील सर्व तहसीलदार, ग्रामपंचायतींचे सरपंच आणि मोबाईल टॉवर उभारणाऱ्या कंपन्या.

विषय: मोकळ्या जमिनीवर नवा दूरसंचार टॉवर उभारण्यापूर्वी त्या जागेची पुरातत्त्वीय पाहणी करून घेण्याबाबत.

महोदय,

नागपूर जिल्ह्यात मोकळ्या जमिनीवर नवा मोबाईल टॉवर उभारायचा असेल, तेव्हा पायाचे खोदकाम सुरू होण्याआधी त्या जागेची, तिथे जाणाऱ्या रस्त्याची आणि भरावाचा मुरूम जिथून उचलला जाणार आहे त्या जागेची पुरातत्त्वाच्या जाणकाराकडून पायी पाहणी करून घ्यावी, आणि तिचा लेखी अहवाल कागदपत्रांना जोडलेला असल्याखेरीज कामाला हात लावू देऊ नये, ही मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी स्थापत्य अभियंता आहे आणि विदर्भातील टॉवरच्या पायांच्या कामांशी माझा व्यवसायाने संबंध आलेला आहे, त्यामुळे ही मागणी टॉवरच्या विरोधकाची नाही हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

टॉवर हवेतच. ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून काढलेला फोटो पुढे जात नाही म्हणून मोबाईल हातात धरून टेकाड चढणारा शेतकरी, किंवा रेशन दुकानातले यंत्र अंगठा घेत नाही म्हणून ताटकळलेल्या बाया, हे चित्र आपल्या महसूल यंत्रणेला माझ्यापेक्षा अधिक परिचयाचे आहे. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ४जी सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याच गरजेतून. टॉवर उभारावा की नाही हा प्रश्न इथे नाही; नागपूरसारख्या जिल्ह्यात तो नेमक्या कोणत्या जमिनीवर उभा राहतो, हा आहे.

टॉवरची जागा कशी ठरते, हे या व्यवसायाबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. कंपनीचे रेडिओ अभियंते नकाशावर एक बिंदू आणि त्याभोवती एक वर्तुळ आखून देतात. त्याला आम्ही सर्च रिंग म्हणतो. त्या वर्तुळात फिरून जागा मिळवणारा माणूस पहिल्यांदा उंचवटा शोधतो, कारण तेवढ्याच उंचीच्या टॉवरने तिथून अधिक गावे कव्हर होतात. मग तो पायाखालची जमीन बघतो. काळी कपाशीची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात पाया खोल न्यावा लागतो आणि खर्च वाढतो, म्हणून वरच पक्का मुरूम लागणारी जागा त्याला हवी असते. पीक येत नाही अशी पडीक जमीन असेल तर मालक भाड्याने द्यायला चटकन तयार होतो. पूर येणार नाही पण नाला फार लांबही नाही, जवळून रस्ता आणि विजेची लाईन गेलेली आहे, असे सारे जुळून आले की करार होतो.

अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी विदर्भात राहणाऱ्या लोहयुगीन लोकांनी आपल्या मृतांसाठी जागा निवडताना रस्ता आणि वीज सोडली तर जवळजवळ हेच निकष लावलेले दिसतात. त्यांची शिलावर्तुळे, म्हणजे पुरलेल्या मृतांच्या जागेभोवती रचलेली मोठ्या धोंड्यांची रिंगणे, काळ्या सुपीक मातीत क्वचित आढळतात. ती असतात मुरमाड उंचवट्यांवर, पडीक माळांवर, नाल्या-नदीच्या जवळ पण पुराच्या वर. पिकाची जमीन वाचवायची आणि टणक, निचऱ्याची जमीन दुसऱ्या कामाला वापरायची, हा व्यवहार तेव्हाचाही होता आणि आजचाही आहे. म्हणून टॉवरचा खड्डा आणि शिलावर्तुळ यांची गाठ पडणे या जिल्ह्यात लाखात एखाद्या वेळी होणारी गोष्ट नाही. एवढ्याशा प्लॉटने काय बिघडणार, असे म्हणताना दोघेही एकाच प्रकारची जमीन शोधत होते, हा मुद्दा विसरला जातो.

आकारमानाचेही तसेच. जमिनीवरून उभ्या राहणाऱ्या जाळीच्या टॉवरला साधारण पंधरा ते वीस मीटर लांबी-रुंदीचा प्लॉट लागतो. त्यात चार पायांचे खड्डे, जनरेटरचा ओटा, आर्थिंगचे खड्डे, उपकरणांची खोली किंवा कपाट आणि भोवतीचे कुंपण बसते. इथल्या शिलावर्तुळांपैकी काहींचा व्यास दहा मीटरच्या आत आहे, काहींचा वीस मीटरच्याही पुढे जातो. म्हणजे एक टॉवर एक आख्खे वर्तुळ पोटात घेऊ शकतो, आणि नंतर तिथे काय होते हे सांगायला एक धोंडाही जागेवर उरत नाही.

नागपूरकरांना शिलावर्तुळे नवी नाहीत, निदान असू नयेत. काटोल रस्त्यावरील जुनापाणी येथे सुमारे तीनशे वर्तुळांचा समूह आहे. तिथे १८६७ मध्ये ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नाक यांनी खोदकाम केले आणि १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. के. थापर यांनी शास्त्रीय उत्खनन केले. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पूर आलेला नाला ओलांडत असता बुडून वारले. या दगडांच्या अभ्यासापायी गेलेला तो आपल्याकडचा पहिला बळी म्हणायला हरकत नाही. त्याच टाकळघाट-खापा येथे शंभराहून अधिक वर्षांनी, १९६८-६९ मध्ये, पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. पुढे माहूरझरी येथे देव यांनीच १९७०-७२ या काळात काम केले, तेव्हा मृतांसोबत पुरलेल्या घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार मिळाले. अकीक आणि तत्सम दगडांचे मणी घडवण्याचे ते एक मोठे केंद्र होते, हेही स्पष्ट झाले. पारशिवनी तालुक्यातील नायकुंड येथे पेंचच्या काठी लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. विदर्भाला लोखंड कधी आणि कसे कळले याचे उत्तर देणारी ही सारी ठिकाणे नागपूरच्या परिसरातली आहेत, आणि त्यांपैकी एकाही ठिकाणी जमिनीवरून पाहताना राजवाडा, देऊळ किंवा शिलालेख दिसत नाही. दिसतात ते धोंडे, अर्धवट मातीत गेलेले, पळसाच्या झुडपांत लपलेले.

हे दगड ओळखायला अवघड नाहीत, पण आधी कोणी दाखवावे लागतात. मोठ्या धोंड्यांचे गोल रिंगण, त्याच्या आत दगडगोटे आणि मातीचा भराव, मधला भाग किंचित फुगलेला. उंची बहुधा कमरेच्याही खाली. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत गवत वाढले की दहा पावलांवरून जाणाऱ्यालाही ते दिसत नाहीत. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे छोटे खळगे असतात. जुनापाणीला ते पाहायला मिळतात. जुन्या वस्तीच्या जागा तर याहून फसव्या. गावातले वडीलधारे ज्याला पांढरी म्हणतात, ते राखेमुळे आणि चुनखडीमुळे फिकट झालेल्या मातीचे टेकाड असते, त्यात खापरांचा खच असतो, आणि उंचवटा म्हणून तेही टॉवरवाल्याच्या नजरेत भरते.

खोदकामात हे कसे नाहीसे होते, ते एका उदाहरणाने सांगतो. कळमेश्वर आणि काटोल यांच्या दरम्यानच्या एका गावाबाहेर पायातल्या लोखंडाची तपासणी करायला मला बोलावले होते. खड्डा साधारण पुरुषभर उंचीहून खोल होता. तीन बाजूंच्या भिंती पिवळ्या, कोरड्या, कुदळीला दाद न देणाऱ्या मुरमाच्या होत्या. चौथ्या भिंतीत मात्र परातीच्या आकाराचा एक काळा, चिकट मातीचा थर मुरमात उतरलेला दिसत होता, कडा इतक्या स्वच्छ की तो कापून भरला आहे हे सहज कळावे. निसर्ग मुरमाच्या टेकाडावर काळी माती अशी वाटीत ओतून ठेवत नाही. त्या मातीत खापरांचे तुकडे अडकलेले होते, बाहेरून तांबडे आणि आतून काळे, आणि काहींवर अभ्रकाची चमक. साईटच्या रोजनाम्यात त्या थराची नोंद होती: सॉफ्ट पॉकेट (मऊ मातीचा खिसा) लागले, काढून पीसीसी (साधे काँक्रीट) भरावे. अभियांत्रिकीच्या दृष्टीने नोंद बिनचूक होती. वरचे मोठे धोंडे तोवर फोडून टॉवरपर्यंतच्या कच्च्या रस्त्याच्या सोलिंगमध्ये, म्हणजे तळाच्या दगडी थरात, गेले होते. मी काढलेले फोटो संबंधितांकडे पाठवले, तेव्हा या गट क्रमांकात कोणत्याही स्मारकाची नोंद नसल्याने काम थांबवण्याचे कारण दिसत नाही, असे उत्तर आले. तेही बिनचूक होते. कोणीही नियम मोडला नव्हता, कारण मोडता यावा असा नियमच तिथे लागू होत नव्हता.

आपल्याकडचा कायदा जे आधीच माहीत आणि संरक्षित आहे त्याच्यापुरता पुरेसा कडक आहे. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियम, १९५८ मध्ये २०१० साली झालेल्या दुरुस्तीने केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी घातली आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी आवश्यक केली. जुनापाणीला हे संरक्षण आहे. परंतु विदर्भात शिलावर्तुळांच्या जेवढ्या जागा अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत त्यांतल्या बहुसंख्य संरक्षित यादीत नाहीत, आणि ज्या अजून कोणी नोंदवलेल्याच नाहीत त्यांचा तर प्रश्नच येत नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत ज्या प्रकल्पांना पूर्वपरवानगी लागते त्यांच्या अनुसूचीत मोबाईल टॉवर नाही. वनजमीन वळती करण्याच्या अर्जात पुरातत्त्वाविषयी प्रश्न विचारला जातो, पण तोही संरक्षित स्थळ आहे का, अशा स्वरूपाचा. आमच्याकडच्या मुरमाड माळांपैकी बरेचसे झुडपी जंगल म्हणून नोंदलेले आहेत आणि सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर त्यांना वनजमिनीचे नियम लागू असल्याबद्दल शंका उरलेली नाही. तरी त्या अर्जात ‘संरक्षित स्थळ नाही’ असे लिहिले की पुरातत्त्वाचा विषय तिथेच मिटतो.

संरक्षित असणे म्हणजे सुरक्षित असणे, असेही समजण्याचे कारण नाही. देशातील ३,६९३ केंद्रीय संरक्षित स्मारकांपैकी ५० सापडत नाहीत, असे संस्कृती मंत्रालयाने संसदेच्या स्थायी समितीला कळवले होते. त्यांपैकी १४ शहरांच्या वाढीत गेली, १२ धरणांच्या पाण्याखाली गेली आणि २४ चा ठावठिकाणाच लागत नाही. यादीतल्यांची ही कथा असेल, तर यादीबाहेरच्या धोंड्यांचा हिशोब कोण ठेवणार?

दुसरीकडे दूरसंचाराची परवानगी दिवसेंदिवस सुलभ होत आहे, आणि तशी ती व्हायलाच हवी होती. मे २०२२ मध्ये सुरू झालेल्या गतिशक्ती संचार पोर्टलवर अर्ज ऑनलाईन होतात. मार्गाधिकार नियमांत, म्हणजे टॉवर आणि केबलसाठी जमीन वापरण्याच्या नियमांत, ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने खासगी जमिनीवरील टॉवरसाठी मालकाशी करार आणि प्रशासनाला आगाऊ लेखी सूचना पुरेशी ठरवली. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नव्या मार्गाधिकार नियमांत, सार्वजनिक जमिनीबाबत ठरावीक मुदतीत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. या सगळ्या साखळीत जमिनीच्या आत पाहणारा एकमेव माणूस म्हणजे माती परीक्षणाचे बोअर मारणारा. तो मातीची भार पेलण्याची क्षमता पाहतो. ती कोणी, केव्हा भरली हे पाहणे त्याचे काम नाही. बाकी सारे उंटावरून शेळ्या हाकल्यासारखे चालते.

असे सर्वत्र नसते. अमेरिकेत १९६६ च्या राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याच्या कलम १०६ नुसार केंद्रीय परवान्याशी जोडलेल्या कामांचा वारशावर होणारा परिणाम आधी तपासावा लागतो, आणि तिथल्या केंद्रीय दूरसंचार नियामक संस्थेने, म्हणजे संपर्क आयोगाने (एफसीसी), टॉवरसाठी २००४ मध्ये एक देशव्यापी करारच केला. नवा टॉवर उभारणारी कंपनी पुरातत्त्व सल्लागार नेमते, तो जमिनीची पाहणी करून अहवाल देतो, तो राज्याच्या वारसा अधिकाऱ्याकडे जातो, आणि ज्या आदिवासी राष्ट्रांचा त्या भूभागाशी पूर्वापार संबंध आहे त्यांना एका स्वतंत्र सूचना प्रणालीतून कळवले जाते. मला त्यातले दोन तपशील विशेष उपयोगाचे वाटतात. जमीन पूर्वीच नियोजित खोदाईपेक्षा किमान २ फूट अधिक खोल उकरली गेल्याचा पुरावा असेल, तर तिथे पुरातत्त्वीय शोध घेण्याची गरज नाही, अशी सूट त्या करारात आहे. म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या भरावावर वेळ घालवला जात नाही. आणि दृश्य परिणाम तपासताना अंतर टॉवरच्या उंचीनुसार ठरते: २०० फुटांपर्यंतच्या टॉवरसाठी अर्धा मैल, त्याहून उंचासाठी अधिक. आपल्याकडे मात्र बारा फुटांची भिंत असो की साठ मीटरचा टॉवर, अंतर १०० आणि २०० मीटर हेच.

तिथली पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे माझे म्हणणे नाही. तिच्याविषयी तिथल्या कंपन्यांनी विलंबाच्या आणि खर्चाच्या तक्रारी केल्या. २०१८ मध्ये आयोगाने छोट्या सेल-साईट्सना (खांबांवर बसणाऱ्या लहान अँटेनांना) या तपासणीतून सरसकट वगळले आणि २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने तो भाग रद्द केला. या वादातून आपण घ्यायचे ते एवढेच की तपासणी कुठे लागते आणि कुठे लागत नाही याची रेषा आधीच स्पष्ट आखावी. इमारतीच्या गच्चीवर बसवलेला टॉवर, विजेच्या किंवा पथदिव्याच्या खांबावर लावलेले उपकरण, आधीच्या टॉवरवर चढवलेला दुसऱ्या कंपनीचा अँटेना, बुटीबोरीच्या औद्योगिक क्षेत्रातला प्लॉट, यांपैकी कशालाही ही पाहणी लावू नये. ती लावावी फक्त न उकरलेल्या मोकळ्या जमिनीवरच्या नव्या पायाला.

पाहणी म्हणजे उत्खनन नव्हे, हेही स्पष्ट करतो, कारण पुरातत्त्व हा शब्द ऐकला की कामे वर्षानुवर्षे अडकणार असे लोकांना वाटते. प्लॉटभोवतीच्या दीडशे-दोनशे मीटर परिसरात दोन-तीन माणसांनी काही मीटरांचे अंतर ठेवून रांगेत चालायचे, खापरे, मणी, लोखंडाची मळी, धोंड्यांची गोलाकार मांडणी दिसली तर जागेचे अक्षांश-रेखांश आणि मापपट्टी ठेवून फोटो घ्यायचे, गावातल्या दोन जाणत्यांना विचारायचे, आणि आधी सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा व उपग्रह प्रतिमा पाहून ठेवायच्या. उन्हाळ्यातल्या प्रतिमेत गवत वाळल्यावर वर्तुळे पुष्कळदा वरूनच ओळखू येतात. हे एका जागेसाठी एका दिवसाचे काम आहे. माती परीक्षणाचे बोअर मारल्यापासून अहवाल हाती येईपर्यंत कंपनीला तसेही थांबावेच लागते. त्याच दिवसांत ही पाहणी उरकली, तर वेळापत्रकात एक दिवसही वाढत नाही.

माणसांची तर नागपुरात वाण नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व हा विभाग आहे आणि टाकळघाटपासूनची उत्खननाची परंपरा त्याच विभागाची आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नागपूर मंडळ इथे आहे, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे कार्यालय इथे आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना क्षेत्रकाम करावेच लागते. ते प्राध्यापकांच्या देखरेखीखाली या पाहणीला जोडून दिले तर जिल्ह्याची नोंदही आपोआप वाढत जाईल. प्रवास आणि मानधन कंपनीने द्यावे. टॉवरच्या एकूण खर्चात ही रक्कम शोधूनही सापडणार नाही.

आता आपल्या अधिकाराविषयी. खासगी जमिनीवर केवळ सूचना देऊन काम सुरू करण्याची मुभा कंपनीला असेल, तर जिल्हाधिकारी त्यांना पाहणीची सक्ती कशी करणार, हा प्रश्न मला मान्य आहे. पण टॉवरचे काम सूचनेवर थांबत नाही. रस्त्याला आणि भरावाला मुरूम लागतो, आणि मुरूम हे गौण खनिज असल्याने तो उचलण्याची परवानगी महसूल खात्याकडूनच घ्यावी लागते. माझ्या अनुभवात टॉवरच्या खड्ड्यापेक्षा या मुरमाच्या खाणीने अधिक नासधूस केलेली आहे, कारण जवळचे फुगीर टेकाड जेसीबीला सर्वांत सोपे पडते, आणि शिलावर्तुळाच्या आतला भराव म्हणजे ठेकेदाराच्या दृष्टीने आयता, मोकळा मुरूम. त्या परवान्यात पाहणीची अट घालणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. शासकीय आणि गायरान जमिनी टॉवरसाठी देताना अटी घालणेही आपल्याच हातात आहे. शिवाय भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर शोधणाऱ्याने त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांनाच द्यायची असते. दीडशे वर्षांच्या या तरतुदीची माहिती देणारा मराठी फलक प्रत्येक खोदकामाच्या ठिकाणी लावायला सांगावे आणि त्यावर तहसील कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक द्यावा.

टॉवरपर्यंत येणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या चरालाही हीच पाहणी लागू करावी. तो चर अरुंद असला तरी साधारण दीड मीटरच्या पुढे खोल जातो आणि कितीतरी किलोमीटर लांब असतो. पांढरीच्या मधून तो गेला तर जुन्या वस्तीचे सगळे थर एका रेषेत कापले जातात. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

सर्वांत नाजूक बाब शेतकऱ्याची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर वरच्या सगळ्या व्यवस्थेचा उलटाच परिणाम होईल. १०० मीटरच्या बंदीची बातमी गावोगाव पोहोचलेली आहे. आपल्या पडीकात जुने काही निघाले तर सरकार जमीन अडकवील, टॉवरचे भाडे जाईल, उद्या घर बांधायला परवानगी मिळणार नाही, ही भीती खोटी म्हणता येत नाही. अशा भीतीपोटी पाहणी पथक येण्याच्या आदल्या रात्री ट्रॅक्टरला साखळी बांधून धोंडे ओढून काढले गेले, तर पाहणी करून हाती काय लागणार? म्हणून आदेशात स्वच्छ लिहावे की पाहणीचा हेतू जागा नाकारणे नसून ती सरकवणे हा आहे. सर्च रिंग शेकडो मीटरची असते. टॉवर तीस-चाळीस मीटर बाजूला घेतल्याने कव्हरेजमध्ये ओळखू येण्यासारखा फरक पडत नाही. सरकवलेली जागा शक्यतो त्याच मालकाच्या गटात असावी, म्हणजे भाडे त्याच्याच घरात राहील. जिथे सरकवणे खरोखरच अशक्य असेल, तिथे पुरातत्त्व विभागाने ठरावीक मुदतीत बचाव-उत्खनन करून जागा मोकळी करून द्यावी आणि ती मुदत पाळली गेली नाही तर कंपनीचे काम अडवू नये. ही शेवटची ओळ पुरातत्त्वाच्या मित्रांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. पण मुदत नसलेली अट कोणी पाळत नाही, तिला फक्त बगल देतात.

पायाचे खड्डे खणताना जाणकार माणूस हजर असावा, हीही मागणी आहे, कारण वरच्या पाहणीत काहीच दिसले नाही तरी खाली काही असू शकते. पाय चार असतात आणि खोदकाम जेसीबीने एक-दोन दिवसांत संपते. तेवढा वेळ एका विद्यार्थ्याने काठावर उभे राहून भिंती पाहिल्या, काळा थर, राख किंवा खापर दिसताच यंत्र थांबवून फोटो आणि मापे घेतली, तरी आज सॉफ्ट पॉकेट म्हणून काँक्रीटखाली जाणारी माहिती कागदावर येईल. साईट अभियंत्यांसाठी एक सचित्र पत्रक काढावे. मुरमातील काळी वाटी, धोंड्यांचे रिंगण, पांढरी आणि खापरे यांचे चार फोटो त्यासाठी पुरेत. ते तयार करून द्यायला मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य तयार आहोत.

सुरुवात कुठून करावी, असे आपण विचाराल तर नागपूर ग्रामीण, हिंगणा, कळमेश्वर, काटोल, पारशिवनी आणि रामटेक हे तालुके आधी घ्यावेत. रामटेकचा उल्लेख शिलावर्तुळांपलीकडच्या कारणासाठी करतो. मनसरच्या टेकड्या आणि नगरधन ही वाकाटकांच्या राजधानीशी जोडलेली ठिकाणे त्या तालुक्यात आहेत. नगरधनच्या अलीकडच्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ताची मातीची मुद्रा मिळाली, आणि राजधानीचे नगर एखाद्या गट क्रमांकाच्या हद्दीवर संपत नसते. या तालुक्यांतील ज्ञात स्थळांची यादी विद्यापीठ आणि पुरातत्त्व विभागाकडून गट क्रमांकांसह मागवून तहसील कार्यालयांना आणि परवानगीच्या पोर्टलवरील नकाशाला जोडता आली, तर निम्मे काम कोणी जागेवर न जाताच होईल.

पावसाळा संपून जमीन वाळली की दिवाळीनंतर टॉवरच्या पायांची कामे एकदम सुरू होतात आणि नेमके त्याच वेळी माळावर गवत सर्वांत उंच असते. त्यामुळे या हंगामासाठी निदान गौण खनिजाच्या परवान्यातील अट आणि खोदकामावरील हजेरी या दोन गोष्टींचे परिपत्रक ऑक्टोबरपूर्वी निघावे, आणि ज्ञात स्थळांची जागेवरची पडताळणी येत्या फेब्रुवारी ते मे या महिन्यांत, गवत जळाल्यावर, करून घ्यावी, अशी विनंती आहे. जिल्हा पातळीवर दूरसंचार सुविधांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या पुढील बैठकीत हा विषय घेतला जाणार असेल, तर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाच्या प्रतिनिधीला आणि टॉवर कंपन्यांच्या साईट अभियंत्यांना एकाच टेबलावर बोलवावे.

आपला नम्र,
एक स्थापत्य अभियंता,
नागपूर